वेलांटी धरायची की सोडायची?

एका नाइट क्लबची पाटी लावून चार महिने झाले, पण कुणी ‘फॉन्ट साइज’ म्हटलं की अजून माझ्या कपाळाला आठी पडते. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. शहराचं नाव लिहीत नाही, मला तिथं आणखी दोन कामं करायची आहेत.

माझं वर्कशॉप कोल्हापुरात, उद्यमनगरात. फ्लेक्स यायच्या आधी मी ब्रशनं पाट्या रंगवायचो. पोटासाठी फ्लेक्सवर आलो, मग ग्लो साइनवर, आता एलईडीवर. दवाखाने, पतसंस्था, मंगल कार्यालयं सगळं करून झालं होतं, नाइट क्लब मात्र पहिलाच. दोघं भागीदार, माझ्या पोराच्या वयाचे, मला ‘काका’ म्हणणारे. जागा पहिल्या मजल्यावर, खाली मोबाइलचं दुकान, पाटीला मोकळी भिंत २२ फूट.

त्यांनी आधी ठरवलेलं नाव एका किल्ल्याचं होतं. मी म्हटलं, पोरांनो, हे जमायचं नाही. २०२२ साली दुकानांच्या पाट्यांचा कायदा बदलला, तेव्हा दोन गोष्टी आल्या. पाटीवर मराठी आधी आणि इतर लिपीपेक्षा लहान नको, ही सगळ्यांना माहीत असते. दुसरी अशी, की जिथं दारू विकली किंवा दिली जाते तिथल्या पाटीवर थोर माणसांची आणि गडकिल्ल्यांची नावं चालत नाहीत. त्यांचं तोंड उतरलं. आठ दिवसांनी नवीन नाव आलं. ते इथं सांगत नाही, एवढंच सांगतो की मराठीत तीन अक्षरं, पहिल्या अक्षराला दुसरी वेलांटी, मधल्यावर अनुस्वार. इंग्रजीत सहा कॅपिटल. ही वेलांटी ध्यानात ठेवा.

त्यांना खरा काचेचा निऑन हवा होता, जांभळा. खरा निऑन वायू लाल-नारिंगीच पेटतो. निळ्याला आर्गॉन आणि पारा लागतो. १९१० साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात फ्रेंच संशोधक जॉर्ज क्लोदनं ज्या नळ्या पेटवल्या त्याही लालच होत्या. शिवाय काचेची नळी भट्टीवर वाकवणारा कारागीर आमच्याकडं मिळत नाही, आणि हजारो व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर मोबाइलच्या दुकानाच्या डोक्यावर टांगायला मी तयार नव्हतो. सिलिकॉनची निऑन फ्लेक्स, म्हणजे आत एलईडी असलेली वाकणारी पट्टी वापरू म्हटलं, बारा व्होल्टची. पोरं तयार झाली. मागं काळी एसीपी (ॲल्युमिनियमच्या थराची) शीट, त्यावर ॲक्रिलिकच्या तोंडाची थ्रीडी अक्षरं, कडेनं जांभळी निऑन फ्लेक्स. डिझाइन तीन दिवसांत पास. मोजमाप, आगाऊ रक्कम, सगळं सुरळीत.

आणि मग मी एक गाढवपणा केला. परवानगीचा कागद हातात यायच्या आधी इंग्रजी अक्षरं लेझरवर कापायला टाकली. सहाच्या सहा, २१ इंची. तुम्ही हे करू नका.

उजेडाची पाटी म्हटली की महापालिकेची परवानगी लागते. अर्ज, भिंतीचा फोटो, नकाशा, जागामालकाचं संमतिपत्र, परमिट रूमच्या परवान्याची प्रत. परवान्यावरचं नाव आणि पाटीवरचं नाव अक्षरन् अक्षर तेच हवं, नाहीतर पहिल्याच टेबलावरून माघारी. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखलाही मागितला. मे २०२४ मध्ये घाटकोपरला होर्डिंग कोसळून सतरा माणसं गेली, तेव्हापासून भिंतीला चिकटलेल्या पाटीलाही हा दाखला मागतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. इंजिनिअर आला, भिंत ठोकून बघितली, दोन अँकर वाढवायला सांगितले, सही केली.

तक्रार पुढं आहे.

डिझाइनमध्ये मराठी डावीकडं, इंग्रजी उजवीकडं, एका ओळीत. दोन्ही वरपासून खालपर्यंत २१ इंच. पहिल्या टेबलावरच्या भाऊसाहेबांनी नकाशावर पट्टी ठेवली, ‘दोन्ही सारखं, चला’ म्हणाले आणि फाइल पुढं गेली. पुढचे साहेब रजेवर. त्यांच्या जागी दुसरे आले. त्यांनी पट्टी शिरोरेघेवर ठेवली आणि खाली पायापर्यंत मोजलं. पंधरा इंच.

‘मराठी लहान आहे.’

‘साहेब, वरची वेलांटी धरून २१ होतंय.’

‘वेलांटी म्हणजे अक्षर का?’

मी गप्प झालो. तीस वर्षं मराठी अक्षरं काढतोय, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. पाटी रंगवताना आम्ही आधी सुताला नीळ लावून शिरोरेघेची ओळ मारायचो. मग वर वेलांटी-मात्रेला जागा, खाली उकाराला जागा. त्या जागा सोडल्या नाहीत तर गिऱ्हाईक पैसे देत नसे. आणि इथं सरकारी टेबलावर ती जागा हिशेबातच नाही!

पण थंड डोक्यानं बघितलं तर साहेबांचंही अगदी चूक नव्हतं. नियम म्हणतो अक्षरं लहान नकोत. देवनागरी कुठून कुठंपर्यंत मोजायची, हे मला तिथं कुणीच कागदावर दाखवलं नाही. मी कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही नावं एकाच पॉइंटला टाकून प्रिंट नेली. फॉन्ट साइज तोच, पण श्रीलिपी फॉन्टमधलं मराठी इंग्रजीच्या शेजारी बारीकच दिसतं, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. साहेब म्हणाले, ‘कॉम्प्युटरचं मला सांगू नका, डोळ्यांना काय दिसतं ते सांगा.’ मी विचारलं, इंग्रजी लहान लिपीत असतं तर ‘ए’ मोजला असता का उंच दांडीचा ‘बी’? यावर त्यांनी फाइल मिटली. असले प्रश्न टेबलावर विचारू नयेत.

चौथ्या खेपेला रजेवरचे साहेब परतले होते. मला हायसं वाटलं. त्यांनी वेलांटी धरली, पण हरकत नवीन काढली: दोन्ही नावं एका ओळीत असतील तर मराठी आधी आहे हे कसं कळणार? वर पाहिजे. मी भिंतीची उंची सांगितली, साडेतीन फूट. एकाखाली एक २१ इंची दोन ओळी म्हणजे बेचाळीस इंच, बरोब्बर साडेतीन फूट. वरखाली बोटभर जागा नाही. ‘मग लहान करा.’ कुठलं? ‘ते तुम्ही बघा.’

कोल्हापूरहून दर खेपेला पहाटेची एसटी, दुपारी जेवणाची सुट्टी, चारला ‘उद्या या’. पोरांचं भाडं सुरू झालं होतं. धाकटा भागीदार म्हणाला, ‘काका, पाटीशिवायच उघडतो.’ मी म्हटलं, अंधारात दार शोधत कोण येणार?

पाचव्या खेपेला मी वाद घालणं सोडलं. अख्खी पाटी एकास एक मापात फ्लेक्सवर छापली. एका फ्लेक्सवर एका ओळीत, दुसऱ्यावर वर-खाली. गुंडाळी खांद्यावर टाकून ऑफिसात गेलो. कॉरिडॉरमध्ये उलगडायला लागलो तर २२ फुटांतलं अर्धं जिन्यावर गेलं. शिपाई ओरडला. मग पार्किंगमध्ये, दुचाकी सरकवून, दोन्ही फ्लेक्स अंथरले आणि कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. कामाला आलेली माणसं थांबून बघू लागली. एक आजोबा मोठ्यानं मराठी नाव वाचून म्हणाले, ‘हे कशाचं दुकान?’

दोन्ही साहेब चहाचे कप घेऊन खाली आले. टेप काढला. दोघांनी दोन वेगवेगळ्या तऱ्हेनं मोजलं आणि माझ्यासमोर आपापसात हुज्जत घालू लागले. मी तोंड उघडलं नाही. शेवटी मीच आणलेला तिसरा, लहान फ्लेक्स काढला. त्यात मराठी तेवढंच, वेलांटीसकट २१, अंगानं पंधरा. इंग्रजी उतरवून पंधरा. म्हणजे वेलांटी धरा नाहीतर सोडा, मराठी लहान नाहीच. नि पंधरा इंचांमुळं दोन्ही वर-खाली मावत होतं. दोन मिनिटांत होकार, तिसऱ्या दिवशी कागद.

हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण ती सहा २१ इंची अक्षरं कापून पडली होती आणि मला ती वाचवायची होती. ती अजून वर्कशॉपच्या माळ्यावर आहेत. पोरांना अर्धेच पैसे लावले, अर्धे माझ्या अंगावर. तेव्हा इंग्रजी उंचीला शिरोरेघेपासूनच्या मराठीएवढं किंवा कमी ठेवा आणि वादातून मोकळे व्हा. खरं सांगायचं तर पाटी आता आधीपेक्षा देखणी दिसते. मराठी वर डौलानं, इंग्रजी खाली गुमान. थोरल्या भागीदारालाही ते पटलं, फक्त तो कबूल करत नाही.

बसवायचं काम दोन रात्रींत झालं. परांची बांधली, लोखंडी फ्रेम रेड ऑक्साइड मारून वर चढवली, अँकर ठोकले. खालच्या मोबाइलवाल्याच्या शटरवर ओलं पोतं टाकलं, वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात. अक्षरांच्या तळाला बारीक भोकं पाडायला विसरू नका, पावसाचं पाणी आत साचून एलईडीची मॉड्यूल जळतात. एसएमपीएस, म्हणजे एलईडीला करंट पुरवणारा डबा, बाहेर लावू नका, आत खिडकीपाशी हात पोचेल तिथं ठेवा. लांब पट्टीला एकाच टोकानं करंट दिला की दुसरं टोक मंद पडतं, तो दोन्हीकडून द्या. निऑन फ्लेक्स हवी तिथं कापता येत नाही, खुणेवरच कापावी लागते. म्हणून अनुस्वाराला फ्लेक्सचा नाद सोडून ॲक्रिलिकची गोल टिकली केली, मागं एकच मॉड्यूल. आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या लोकांना आधीच भेटा. आम्ही भेटलो नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पहिल्याच रात्री पोलिसांना फोन लावला, मग डिमर बसवला.

उद्घाटन जोरात झालं. तिसऱ्या रात्री अकराला मॅनेजरचा फोन, ‘काका, नाव वेगळंच वाचतंय, पब्लिक खाली उभं राहून हसतंय.’ वेलांटीचा वरचा वळसा विझला होता, दांडी तेवढी पेटत होती. दुसऱ्या वेलांटीचा काना झाला होता, आणि त्या नावाचा जो अर्थ होत होता तो इथं लिहिण्यासारखा नाही.

पहाटेची एसटी पकडली. दुपारी शिडी लावली, जॉइंट सुटला होता. दुरुस्त करायच्या आधी पाटी एकदा चालू करायला लावून फोटो काढला. त्या दुसऱ्या साहेबांच्या नंबरवर पाठवायचं अगदी मनात आलं होतं. मग पाटीची परवानगी पुढं नवी करून घ्यायची असते हे आठवलं, आणि फोन खिशात ठेवला.