प्लग ओला की कोरडा?

1 ऑगस्टला पहाटे साडेपाचला मी देवबागला कर्ली नदीच्या काठावर होडीत उभा होतो. सव्वासहा वाजले तरी तिथेच होतो, हातात मशीनची, म्हणजे होडीमागे बसवायच्या इंजिनाची, ओढून सुरू करायची दोरी. पावसाळी मासेमारीची बंदी आदल्या दिवशी संपली होती. नारळी पौर्णिमेआधी समुद्रात जायचं नाही हा आमच्या घरातला नियम आहे, पण नदीत एक फेरी मारून मशीन बघून ठेवायचं असतं. अठ्ठावीस झटके मारले. नुसती फुरफुर. उजवा खांदा भरून आला.

माझं मशीन 15 एचपीचं, दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑईल मिसळून चालणारं. मे महिन्याच्या शेवटी काढलं तेव्हा ते दुसऱ्या झटक्याला लागत होतं. जून-जुलै पडवीत स्टँडवर उभं होतं, वर प्लास्टिक बांधून. दोन महिन्यांत कुणी हातसुद्धा लावला नव्हता, मग बिघडलं काय?

काका काठावरून बघत होते. त्यांनी चाळीस वर्षं होडी चालवली, त्यातली पहिली कित्येक वल्ह्यावर. म्हणाले, "दोरी कित्याक वडतंस? प्लग काढ आणि बघ, ओलो हा काय सुको."

हे एक वाक्य मला आधी आठवायला हवं होतं. मशीन लागत नाही तेव्हा आपण दोरी ओढत राहतो, कारण हातात तेवढंच असतं. पण दहा झटके मारून झाले की प्लगच, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा स्पार्क प्लगच, सगळं सांगतो. प्लग पेट्रोलने ओला निघाला तर पेट्रोल आत पोचतंय, पण ठिणगी पडत नाही किंवा चोक (हवा कमी करून पेट्रोल वाढवणारा खटका) देऊन देऊन मशीन पेट्रोलने भरून गेलंय. कोरडा निघाला तर पेट्रोल पोचतच नाही, मग ठिणगी तपासण्यात वेळ घालवायचा नाही. माझे दोन्ही प्लग ठणठणीत कोरडे होते. म्हणजे वायरिंग, मशीन बंद करणारा लाल दोरीचा स्विच वगैरे सगळं बाजूला ठेवलं आणि टाकीपासून सुरुवात केली.

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा होता. टाकीतलं पेट्रोल मशीनकडे ढकलायला पाइपमध्ये रबरी फुगा असतो, त्याच्यावरचा बाण मशीनकडे होता. फुगा दाबला तर कडक झाला. मग मशीन घरी आणलं, पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा छोटा स्क्रू सोडला आणि खाली लोणच्याची रिकामी काचेची बरणी धरली. आलं ते पेट्रोल उजेडात धरून बघितलं. वर हिरवट झाक असलेला थर आणि खाली बोटाच्या पेराएवढा दुसरा थर, फिका, जवळजवळ पाण्यासारखा. बरणी हलवली की खालचा थर गढूळ व्हायचा आणि पुन्हा तळाला बसायचा.

पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. आमची टाकी 24 लिटरची, तिच्यात नऊ-दहा लिटर पेट्रोल ठेवून मी ती पावसाळाभर पडवीत ठेवली होती, आणि हवेचा स्क्रू उघडाच राहिला होता. जून-जुलैमधली आमची हवा कशी असते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको, घरातलं मीठसुद्धा पाणी सोडतं. अर्ध्या रिकाम्या टाकीत तीच हवा दोन महिने आत-बाहेर होत राहिली. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल ते घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाला बसतं. टाकीतली नळीही तळातूनच ओढते. यातली खरी भीती वेगळीच आहे. टू-स्ट्रोकचं ऑईल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं, तळातल्या थरात ते जवळजवळ नसतं. तो थर ओढून मशीन चाललं असतं तर पिस्टन ऑईलशिवाय घासला असता. त्या सकाळी मशीन लागलं नाही हे बरंच झालं.

टाकी पूर्ण रिकामी केली. ते पेट्रोल नदीत ओतलं नाही, कॅनमध्ये भरून मालवणात मेस्त्रींकडे नेऊन दिलं, त्यांच्याकडे जुन्या ऑईलचा पिंप असतो. मग कार्ब्युरेटर काढला. वाटीच्या तळाला तपकिरी, लाखेसारखा चिकट थर होता. आत दोन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकांची तोंडं, असतात. मोठं जेट साफ होतं. मशीन सुरू होताना आणि हळू चालताना ज्यातून पेट्रोल येतं ते छोटं पायलट जेट मात्र बंद. पितळेचा तो एवढासा तुकडा चिमटीत धरून आभाळाकडे बघितलं, आरपार काही दिसेना. रात्रभर कार्ब क्लीनरमध्ये भिजत ठेवला. सकाळी जुन्या वायरमधली तांब्याची एकच तार काढून हलक्या हाताने भोकातून फिरवली. सुई किंवा टाचणी इथे कधीही घालू नका, पितळ मऊ असतं, भोक जराही मोठं झालं तर पेट्रोलचं माप कायमचं बिघडतं. मग हवा मारली आणि पुन्हा आभाळाकडे धरलं. टाचणीच्या टोकाएवढा उजेडाचा ठिपका दिसला. त्या ठिपक्याने जो आनंद झाला तो पहिल्या जाळ्यात पापलेट मिळाल्यावरही होत नाही.

नवीन पेट्रोल, लिटरला 20 मिली ऑईल, मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात उभं केलं. तिसऱ्या झटक्याला लागलं. मागून मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धारही सरळ येत होती.

पण काम संपलं नव्हतं. पुढचे चार-पाच दिवस दर सकाळी पुन्हा आठ-नऊ झटके. एकदा लागलं की दिवसभर नीट, सकाळी मात्र हट्ट. अशा वेळी "चालतंय ना" म्हणून माणूस सोडून देतो. गेल्या वर्षी मीही सोडून दिलं होतं. ऑक्टोबरात नदी समुद्राला मिळते त्या संगमाजवळ जाळं ओढायला मशीन बंद केलं आणि परत लावताना लागेना. सुकती, म्हणजे ओहोटी, जोरात होती, नदी समुद्राकडे धावत होती आणि होडी तिच्याबरोबर मुखाकडे, जिथे लाटा फुटतात तिकडे. माझा चौदा वर्षांचा मुलगा सोबत होता. त्याने नांगर टाकला. नांगर वाळूत दोनदा सरकला, तिसऱ्यांदा धरला. अकराव्या झटक्याला मशीन लागलं. मधल्या चार-पाच मिनिटांत मुलगा एक शब्द बोलला नाही, माझ्याकडे बघतही नव्हता, फक्त नांगराच्या दोरीवर हात ठेवून होता. त्या दिवसापासून दोन-तीन झटक्यांत न लागणारं मशीन घेऊन मी संगमाकडे जात नाही.

म्हणून या वेळी शोधत राहिलो. फुगा दाबून कडक केला आणि घड्याळ लावून बसलो. पाच मिनिटांत फुगा मऊ. पाइपवरून कोरडं बोट फिरवत गेलो, आणि मशीनला पाइप जिथे खटकन बसतो त्या जोडाखाली बोट ओलं झालं, वास पेट्रोलचा. आतली रबरी रिंग एका बाजूला चपटी होऊन तडकली होती. फुगा दाबला की तिथून पेट्रोल झिरपायचं, आणि मशीनचा पंप ओढायला लागला की तिथूनच हवा आत जायची. रात्रभरात पाइप रिकामा, मग सकाळी आधी हवा बाहेर निघेपर्यंत झटके. रिंग बदलली. वीस रुपयांची वस्तू.

मुलाला एक सवय होती, मशीन गरम असलं तरी चोक ओढायचा. गरम मशीनला चोक लागत नाही, उलट ते भरून जातं. भरलंच तर चोक आत, गिअर न्यूट्रलला, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि चार-पाच झटके. तरी नाही लागलं तर प्लग काढून पुसायचे. ठिणगी बघायची वेळ आली तर एक लक्षात ठेवा: प्लगच्या उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. भोकं फडक्याने बंद करा, प्लग लांब धरा.

पुढच्या मे अखेरीला टाकी रिकामी करून, धुवून, उन्हात वाळवून ठेवणार आहे. मशीन पिंपात चालू असताना पाइप काढायचा, आतलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडू द्यायचं, वाटीचा स्क्रू सोडून उरलेले थेंबही काढायचे. प्लगच्या भोकांत चमचाभर ऑईल आणि दोरी दोनदा हळू ओढायची. अर्ध्या तासाचं काम आहे, मी आळसाने टाळलं होतं.

नारळी पौर्णिमेला नारळ सोडला आणि दुसऱ्या दिवशी बाहेर पडलो. दुसऱ्या झटक्याला लागलं. मुलगा आता होडीत चढला की आधी फुगा दाबून बघतो, मग जाळ्याला हात लावतो.