आमच्या धरणाचे तपासणी अहवाल मी कसे पाहिले

आमच्या गावाला पाणी पुरवणाऱ्या मातीच्या धरणाला ‘गळती लागली’ ही बातमी दर पावसाळ्यात व्हॉट्सअॅपवर फिरते. यंदा ती पुढे ढकलण्याऐवजी मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. ‘धरण सुरक्षित आहे का?’ असं विचारलं असतं तर ‘होय’ एवढंच उत्तर आलं असतं, म्हणून सरळ कागदच मागितले. पावसाळ्यापूर्वीचे आणि नंतरचे तपासणी अहवाल, गळतीच्या नोंदी आणि आपत्कालीन कृती आराखडा. धरण सुरक्षितता कायदा, २०२१ नुसार १५ मीटरपेक्षा उंच धरणांची अशी तपासणी वर्षातून दोनदा व्हावीच लागते, हेही अर्जात घातलं.

३० दिवसांची मुदत उलटली. पहिलं अपील केल्यावर फोन आला, प्रती फार होतील, इथेच येऊन पाहा. (अभिलेख पाहणं हा आपला हक्कच आहे, पण चहा आला म्हणून मी गप्प बसलो.)

अहवालात भरावाच्या उतारावर उगवलेली झुडपं, घुशींची बिळं, काही ठिकाणी निखळलेलं पिचिंग (उतारावर बसवलेलं दगडांचं अस्तर) असं बरंच काही होतं. झुडपांचा उल्लेख वर्षानुवर्षं शब्दही न बदलता उतरलेला, यावरून काय ते समजावं. खरा ऐवज गळतीच्या नोंदवहीत होता.

तिथल्या शाखा अभियंत्यांनी ती समजावली, आणि मी विनंती केल्यावर धरणावरही नेलं. पायथ्याच्या चारीत एक पत्रा बसवलेला, त्याला इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच. त्या खाचेतून पडणाऱ्या पाण्याची उंची मोजून गळती किती ते काढतात. उंची दुप्पट झाली तर विसर्ग साडेपाच पटींहून जास्त वाढतो, त्यामुळे इथे बोटभर फरकही दुर्लक्ष करण्यासारखा नसतो. साहेबांनी ओंजळीत पाणी घेऊन दाखवलं. नितळ होतं. मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरणारच, ते सुखरूप बाहेर काढायलाच खालची निचऱ्याची व्यवस्था असते. पाणी गढूळ झालं, तर ते आतली माती घेऊन येतंय असं धरून ताबडतोब धावपळ करायची. आणि आकडे ताडून पाहायचे ते धरणातली पातळी सारखी असतानाचे. भरलेल्या धरणाची गळती उन्हाळ्यातल्या गळतीशी लावण्यात अर्थ नाही. व्हॉट्सअॅपवरचा फोटो नेमका धरण भरल्यावरचा होता.

मला जास्त काळजी वाटली ती विमोचकाची, म्हणजे भरावाच्या पोटातून पाणी बाहेर नेणाऱ्या मोरीची आणि तिच्या दरवाजाची. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा विमोचकाचं काम अपुरं होतं आणि त्याच्यावरचा भराव खचला होता. आमच्याकडे दरवाजाची चाचणी झाल्याची नोंद आहे, पण गेल्या पावसाळ्यापूर्वीच्या अहवालात तो रकाना कोराच सुटलाय. विचारल्यावर ‘चाचणी झाली होती, लिहायचं राहिलं’ असं उत्तर मिळालं.

अहवालांच्या प्रती मिळाल्या. आपत्कालीन आराखडा मात्र ‘तयार होत आहे’. धरण फुटलं तर पाणी कुठवर येईल, भोंगा कोण वाजवणार, खालच्या वस्त्यांनी कुठल्या रस्त्याने निघायचं, हे सगळं त्यातच असतं. त्यासाठी आणि त्या कोऱ्या रकान्यासाठी दुसरा अर्ज दिला आहे. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीतही लावली.