थोडक्या पैशांत भाजी आणि फुले: आधी पाणी मोजा, मग बी आणा

सामायिक बागेत किंवा भाड्याने जमिनीचा लहानसा तुकडा मिळाला की बहुतेकांची सुरुवात बियाण्यांच्या यादीपासून होते. ती यादी चार दिवस बाजूला ठेवा. खिसा हलका असेल तर पहिला हिशोब पाण्याचा.

उन्हाच्या दिवसांत भाजीच्या वाफ्याला आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे दर चौरस मीटरला २५ लिटर. १० चौरस मीटर लावले तर २५० लिटर झाले. दहा लिटरच्या झारीने दर आठवड्याला पंचवीस खेपा. नळ लांब असेल आणि एवढ्या खेपा जमणार नसतील, तर चारच चौरस मीटर लावा. अवजारांच्या खोपटाला छप्पर असेल तर त्याच्या कडेखाली पिंप ठेवा: एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते, थोडीफार गळती सोडून. पिंपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, नाहीतर डासांची पैदास होते.

उरलेली जागा उघडी ठेवू नका. पुठ्ठ्याच्या खोक्यांची चिकटपट्टी आणि पिना काढून पुठ्ठे जमिनीवर पसरा, एकमेकांवर सहा इंच चढवून, आणि चांगले भिजवा. वर तीन-चार इंच वाळका पाला. चकचकीत छपाईचे पुठ्ठे वापरू नका. साधे तण काही महिन्यांत खाली कुजून जाते. हरळी आणि लव्हाळा मात्र पुठ्ठ्याला दाद देत नाहीत. लव्हाळ्याच्या जमिनीखालच्या गाठींत इतका साठा असतो की तो पुठ्ठा भोकसून वर येतो. अशा ठिकाणी गाठींसकट खणून काढणे आणि कोंब दिसला की पुन्हा काढणे, एवढाच उपाय आहे.

अवजारे तीन पुरतात: कुदळ किंवा फावडे, खुरपे, झारी. वाफा चार फुटांहून रुंद नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि मातीवर पाय द्यावा लागत नाही. लाकडी चौकटींचे उंच वाफे फोटोत छान दिसतात, पण पाण्याची टंचाई असेल तर ते लवकर सुकतात. पाणी साचणारी जमीन असेल तरच तो खर्च करा. फुकटचे पॅलेट (माल रचायची लाकडी फळी) मिळाले तर शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेची प्रक्रिया केलेले लाकूड, ते चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले, ते नको.

खत विकत घेण्यापेक्षा ढीग लावा. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी एक मीटर तरी हवी, त्याहून लहान ढिगात उष्णता टिकत नाही. आकारमानाने दोन ते तीन भाग सुका माल (पाने, पेंढा, फाडलेला पुठ्ठा) आणि एक भाग हिरवा (गवत, भाजीचे टाकाऊ देठ). ओल पिळून काढलेल्या फडक्याइतकी. ढिगाला अमोनियाचा उग्र वास आला तर हिरवा माल जास्त झाला, सुका मिसळा. सडका वास आला तर आत हवा नाही, ढीग उलटा करा. नुसताच थंड पडून राहिला तर बहुधा कोरडा आहे किंवा नुसत्या पानांचा आहे.

बाहेरून फुकट मिळणारे शेणखत किंवा लीद थेट वाफ्यात टाकू नका. कुरणावर मारलेली अमिनोपायरॅलिडच्या जातीची तणनाशके जनावराच्या पोटातून तशीच बाहेर पडतात आणि खतात टिकून राहतात. तपासणी सोपी आहे: तीन कुंड्यांत निम्मे खत, निम्मी माती, तीन कुंड्यांत नुसती माती. सगळ्यांत घेवडा लावा. तीनेक आठवड्यांत खताच्या कुंड्यांतली नवी पाने वाटीसारखी वळली, पिळवटली, तर ते खत टोमॅटो-घेवड्याच्या जवळपासही येऊ देऊ नका.

बी घेताना सरळ वाणाचे घ्या, संकरित नको, कारण संकरित झाडाचे बी पुढच्या हंगामात तसेच उगवत नाही. टोमॅटो आणि घेवड्यात बहुतेक स्वपरागीभवन होते, म्हणजे फुलाला त्याचेच पराग मिळतात, त्यामुळे त्यांचे बी घरी धरणे सोपे. टोमॅटोचा बियांसकट गर दोन-तीन दिवस भांड्यात आंबवा. बीभोवतीचे उगवण रोखणारे आवरण सुटते. मग धुऊन बशीत वाळवा. कागदावर वाळवले तर चिकटून बसते. भोपळ्याचे बी धरण्याच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. मधमाश्या शेजारच्या वाणाचे पराग आणतात आणि त्या बीपासून आलेले फळ कधी कडू निघते. असे कडू फळ विषारी असते, चव घेऊन थुंका आणि टाकून द्या.

टोमॅटोची सहा इंचांची बगलफूट (पान आणि खोडाच्या बेचक्यातला फुटवा) तोडून ओल्या मातीत सावलीला खोचली की आठ-पंधरा दिवसांत मुळे धरते. दुसऱ्या खेपेची रोपे फुकट.

टोमॅटोच्या बुडाशी काळा डाग पडला की लोक अंड्याची टरफले टाकतात. ती विरघळायला फार काळ लागतो, आणि बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम कमी नसतेच. पाणी एकदा भरपूर, एकदा नाही, अशाने कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. पाणी नियमित द्या, दोन-तीन इंच आच्छादन घाला, खोडाजवळ मात्र बोटभर जागा मोकळी सोडा.

फुलांत झेंडू, झिनिया, कॉसमॉस हे गरिबाचे सोबती. झिनिया सहा-आठ इंचांचा झाला की शेंडा खुडा, फांद्या वाढतात. कॉसमॉसला खत देऊ नका, नुसता पाला माजतो आणि फुले लांबतात. कडेला चार झेंडू लावले की सूत्रकृमी (मुळांना लागणारे मातीतले सूक्ष्म किडे) जातात, हा गैरसमज जुना आहे. त्यासाठी अख्खा वाफा दाट झेंडूने दोन-तीन महिने भरावा लागतो, तेही मुख्यतः मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींसाठी. माव्याविरुद्ध (पानांचा रस शोषणारे बारीक किडे) जास्त उपयोगी पडते ती फुलावर सोडलेली कोथिंबीर; तिच्यावर सिरफिड माश्या येतात आणि त्यांच्या अळ्या मावा खातात.

वाळलेल्या फुलांचे बी कागदी पाकिटात, नाव आणि साल लिहून, कोरड्या थंड जागी ठेवा. जुने पाकीट सापडले तर दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून आठ-दहा दिवस बघा: सात उगवल्या तर नेहमीसारखे पेरा, चार-पाच उगवल्या तर दुप्पट दाट. टोमॅटोचे बी चार वर्षे सहज चालते. कांद्याचे दर हंगामात ताजेच घ्या.