‘अर्जदार मिळून आल्या नाहीत’

लग्न होऊन आले तेव्हापासून मी साताऱ्यात ह्याच घरात राहते. रेशनकार्डावर नाव आहे, मतदार यादीत आहे, लाईट बिल माझ्या नावानं येतं, आणि गल्लीतली निम्मी पोरं माझ्या हाताखालून शिकून गेलीत. तरी 2024च्या उन्हाळ्यात माझ्या पासपोर्टच्या अर्जावर पोलिसांचा शेरा पडला की अर्जदार महिला दिलेल्या पत्त्यावर मिळून आल्या नाहीत. त्याच घरातून, त्याच दिवशी भरलेला ह्यांचा अर्ज मात्र बिनबोभाट पास. सरकारदप्तरी नवरा घरात सापडला, बायको नाही! अजून आठवलं की डोकं फिरतं, म्हणून लिहून काढतेय.

लेकीनं आम्हा दोघांसाठी क्रूझ ठरवली होती. सिंगापूरला बोटीत बसायचं, पेनांग, फुकेत बघायचं आणि परत सिंगापूर. तारीख जूनच्या शेवटची. दोघंही निवृत्त, दोघांनाही पासपोर्ट नाही, त्यामुळे गुढीपाडवा झाल्या झाल्या अर्ज भरले. साठीच्या पुढच्यांना नव्या पासपोर्टच्या फीमध्ये दहा टक्के सूट मिळते, म्हणजे 1500 ऐवजी 1350. पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात तासाभरात मोकळे झालो. फोटो तिथंच काढतात, बाहेरून काढून नेऊ नका. आम्ही नेले, ते आता देवघराच्या खणात पडलेत.

मग आली पोलीस पडताळणी.

आमचं ठाणं कुठलं ते लिहीत नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल. मोबाईलवर मेसेज आला तसे हे दोघांचीही कागदपत्रं घेऊन गेले. आधार, लाईट बिल, दहावीचं सर्टिफिकेट, फोटो, आणि ओळख देणाऱ्या दोन शेजाऱ्यांच्या आधारच्या झेरॉक्स. ह्यांचं काम तिथल्या तिथं झालं. माझ्या फायलीला म्हणाले, ‘मॅडमना स्वतः यावं लागेल.’ बरोबरच आहे, मी गेले. तर साहेब बंदोबस्तात. दुसऱ्यांदा गेले, साहेब मीटिंगला. आमच्याकडे लोकसभेचं मतदान 7 मे रोजी होतं. टेबलाटेबलावर बंदोबस्ताच्या याद्या, आणि भिंतीलगतच्या बाकावर माझ्यासारखे पासपोर्टवाले, नोकरीसाठी चारित्र्याचा दाखला मागायला आलेली पोरं, एक पाकीट हरवलेला माणूस. पंखा होता, पण वारा फक्त टेबलाच्या पलीकडच्यांना. मी नोकरीतून स्वतः निवडणुकीची ड्युटी कितीतरी वेळा केलीय, त्यामुळे तक्रार केली नाही. शेवटी एका हवालदारांनी माझा नंबर वहीत लिहून घेतला आणि म्हणाले, ‘ताई, कशाला हेलपाटे मारताय? मतदान झालं की आम्हीच घरी येऊन जातो.’

माणूस चांगला वाटला. मी निर्धास्त झाले.

आता आमच्या घरी पहाटे काय चालतं ते सांगायला हवं. ह्यांची साखर वाढली, डॉक्टरांनी दम दिला, तेव्हापासून आम्ही रोज सकाळी अजिंक्यतारा चढतो. डांबरी रस्त्यानं वर, मंगळाईच्या देवळापाशी पाच मिनिटं टेकायचं, उतरताना हे चार भिंती ह्या स्मारकाकडून यायचा आग्रह धरतात. घरी येईस्तोवर साडेआठ. आणि रात्री फुटबॉल. माझं माहेर कोल्हापूर. पाटाकडील आणि शिवाजी मंडळ ह्या तिथल्या फुटबॉल संघांची मॅच असली की आमच्याकडे स्वयंपाक लवकर उरकायचा आणि निकालानंतर भाऊ-भाऊ दोन दिवस एकमेकांशी बोलायचे नाहीत. साताऱ्यात आले तशी ती हौस टीव्हीवर भागवते. 8 मेच्या रात्री साडेबाराला रिअल माद्रिद आणि बायर्नची चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल लागली. माद्रिद एक गोलनं मागे, अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला होसेलूचा गोल, आणि नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत परत त्याचाच! अडीच वाजता टीव्ही बंद केला आणि सहाला आम्ही गडाच्या वाटेला. हे मी अभिमानानं सांगते.

नेमका त्याच सकाळी सातच्या सुमारास कुणीतरी येऊन गेलं. शेजारच्या काकूंनी पाहिलं. त्यांनी वरून विचारलं, ‘कोण पाहिजे?’ तर म्हणे काही न बोलता कुलूप बघितलं आणि गाडी वळवली. फोन नाही. अर्जावर दोन मोबाईल नंबर, वहीत तिसऱ्यांदा लिहून घेतलेला, आणि एक रिंग देता आली नाही. काकूंना विचारलं असतं तर त्यांनी आमची वंशावळ सांगितली असती.

आम्हाला तेव्हा पत्ताच नाही. मी आपली रोज मोबाईलवर स्टेटस बघतेय. ह्यांचा पासपोर्ट स्पीड पोस्टानं घरी आलासुद्धा. त्याचा निळा कव्हर हे चहा पिताना टीपॉयवर ठेवून बसायचे, ते बघून मला आणखी चीड. आणि एक दिवस माझं स्टेटस बदललं. पोलिसांचा अहवाल प्रतिकूल, प्रकरण प्रादेशिक कार्यालयाकडे.

प्रतिकूल! आयुष्यात साधी लाल शाई माझ्या सर्व्हिस बुकात नाही.

ठाण्यात गेले. ते चांगले हवालदार सुट्टीवर. दुसऱ्यांनी कॉम्प्युटरवर बघून तो शेरा वाचून दाखवला. मी म्हटलं, ‘अहो, मी समोर उभी आहे, मिळून आले की नाही?’ ते हसले, पण म्हणाले, ‘रिपोर्ट गेला मॅडम, आता आमच्या हातात नाही.’ मग कुणाच्या हातात? ते सांगायला कुणी मोकळं नव्हतं. एक म्हणाला नवा अर्ज भरा, एक म्हणाला महिनाभर थांबा, आपोआप होतं. इकडे लेकीचा रोज फोन, एजंटला पासपोर्ट नंबर पाहिजे, नाहीतर माझं तिकीट रद्द आणि पैसे कापून मिळणार. हे म्हणाले, ‘मी एकटा जाऊ का?’ त्या दिवशी त्यांना भाजी अळणी मिळाली.

खरी वाट दाखवली ती ठाण्याबाहेरच्या झेरॉक्सवाल्यानं. हे मुद्दाम लिहिते. कुठल्याही कचेरीत अडलात तर आधी बाहेरच्या झेरॉक्सवाल्याला गाठा. त्याच्या काउंटरच्या काचेखाली कुठल्या कामाला कुठले कागद लागतात ते हातानं लिहून ठेवलेलं असतं, आणि आत कोण जागेवर आहे हेही त्याला ठाऊक असतं. तो म्हणाला, ‘नवा अर्ज अजिबात भरू नका. पुण्याला बाणेरच्या पासपोर्ट ऑफिसात चौकशीची अपॉइंटमेंट घ्या आणि पडताळणी परत पाठवा असा अर्ज द्या.’ साताऱ्याची फाईल पुण्याच्याच अखत्यारीत येते. ऑनलाईन अपॉइंटमेंट घेतली, एसटीनं स्वारगेट, तिथून रिक्षा. तिथल्या बाईंनी अर्ज वाचला, मतदार ओळखपत्र आणि लाईट बिल पाहिलं, आणि चहा गार व्हायच्या आत पडताळणी पुन्हा ठाण्याकडे पाठवून दिली. एवढंच काम होतं! त्यापायी अख्खा मे महिना वैरी झाला.

दुसऱ्या फेरीला मी दारावरच कागद चिकटवला: ‘आम्ही अजिंक्यताऱ्यावर आहोत. साडेआठला येतो. कृपया फोन करावा.’ खाली नंबर, ठळक. गल्लीतून जाणारा प्रत्येकजण वाचून हसायचा. काकूंना सांगून ठेवलं, किराणावाल्याला सांगितलं. आणि तेवढ्यावर भरवसा न ठेवता गडाची वेळ संध्याकाळवर नेली, सकाळी घरातच. ह्यांनी गच्चीवर चकरा मारायला सुरुवात केली, पण गच्चीवर गडाचा घाम निघत नाही, साखर लगेच बोलली. शेवटी ह्या वेळी आलेल्या पोलीस ताईंनी आधी रीतसर फोन केला, घरी बसून सरबत घेतलं, सही घेतली आणि कागद वाचून विचारलं, ‘रोज चढता? ह्या वयात?’ जूनच्या पहिल्या आठवड्यात पासपोर्ट आला. पोस्टमन आम्हाला ओळखतो, तरी आधार बघूनच हातात दिला. नियम असे पाळावेत.

सिंगापूरचा व्हिसा एजंटनं काढला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मलेशिया आणि थायलंडला त्या वेळी आपल्याला व्हिसा लागत नव्हता, मलेशियाचा ऑनलाईन अरायव्हल फॉर्म तेवढा भरावा लागला. हो, बोटीवर पाय ठेवला की मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रात फोन बोटीच्या सॅटेलाईट नेटवर्कला चिकटतो आणि बिल असं येतं की क्रूझ स्वस्त वाटावी. बोटीवर वरच्या डेकला चालायचा ट्रॅक असतो. ह्यांनी लिफ्टला हात लावला नाही, सगळे मजले जिन्यानं. गडाची सवय.

फुटबॉलचा युरो कप चालू होता. 29 जूनला बोटीवरचे सगळे भारतीय वर्ल्ड कपच्या क्रिकेट फायनलला. आपण सात धावांनी जिंकलो तेव्हा तिथं रात्रीचे दोन वाजून गेले होते, आणि गुजराती मंडळींनी गरबा धरला. दुसऱ्या रात्री बाराला त्याच पडद्यासमोर इंग्लंड आणि स्लोव्हाकियाच्या मॅचला आम्ही दोघं, काही गोरे आणि पेंगुळलेला वेटर. इंग्लंड हरल्यातच जमा, गोरे उठायला लागले, आणि पंचाण्णवाव्या मिनिटाला बेलिंगहॅमनं हवेत उलटा होऊन गोल मारला. मी खुर्चीवरून उठून ‘नाद खुळा!’ म्हणून ओरडले. शेजारच्या गोऱ्या बाईनं मला मिठी मारली, मी इंग्लंडची नाही हे तिला सांगायला गेले नाही.

एक राहिलं. पन्नाशीच्या पुढे असाल किंवा दहावी पास असाल तर अर्जात ईसीआरच्या (काही देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागते, त्याची नोंद) रकान्यात ‘नॉन-ईसीआर’ घ्या, म्हणजे पुढे कटकट नाही. आणि नवरा-बायकोनं एकत्र अर्ज केला असला तरी फायली वेगळ्या चालतात. ठाण्यात दोघांनी एकाच दिवशी, एकत्र, सही होईपर्यंत बसा.

युरोची फायनल साताऱ्यात धो-धो पावसात पाहिली. स्पेन जिंकला. 2026चा फुटबॉल वर्ल्ड कप अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत ठरला होता. मी ह्यांना म्हटलं, आता पासपोर्ट आहेच, जाऊया का? हे म्हणाले, ‘त्यांच्या व्हिसाला मुंबईला मुलाखत असते. तिथं तू मिळून येशील ना?’