उठलोय की मी

परवा दुपारी साडेबाराच्या सुमारास कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला थांबलो होतो, डोक्यावर ऊन मी म्हणत होतं, आणि शेजारी शाळेची रिक्षा येऊन थांबली. नेहमीसारखीच, पोरं कोंबलेली, दप्तरं बाहेरून लटकवलेली, आत नुसता कालवा. आणि त्या कालव्यात कडेला बसलेलं एक बारकं पोरगं, पाचवीत असेल फार तर, आडव्या दांडीवर हनुवटी टेकून गाढ झोपलं होतं. हातात अर्धं खाल्लेलं क्रीमचं बिस्किट. शेजारच्याचं सगळं लक्ष त्या बिस्किटावर. सिग्नल सुटला, रिक्षानं गचका दिला, पोराचं डोकं मागं गेलं, पुढं आलं, पण ना डोळे उघडले ना बिस्किट सुटलं. मागनं हॉर्न वाजायला लागले तेव्हा मला कळलं की मीच अजून उभा आहे.

आमच्या धाकटीची आठवण झाली. ती दुसरीत होती तेव्हा शाळा सात दहाची, म्हणजे सात वाजून दहा मिनिटांची होती. सहा वाजता हाक मारायची, की पांघरुणाच्या आतनं आवाज यायचा, "उठलोय की मी." उठलेली काही नसायची. दहा मिनिटांनी परत जावं तर परत तेच, "उठलोय की!" आणि आवाजात असा राग की जणू आम्हीच झोपलोय. शेवटी ती अंथरुणात असतानाच मी तिचे पायमोजे चढवायचो, एक पाय माझ्या मांडीवर, दुसरा पांघरुणात, मग बेसिनपाशी उभं करायचं, तिथं ती ब्रश तोंडात धरून उभ्या उभ्या झोपायची. दुधावर साय आली म्हणून दोन मिनिटं भांडण, ते मात्र पूर्ण जागेपणी. खाली रिक्षाकाका हॉर्न वाजवायचे, तो हॉर्न मला अजून कधीकधी रविवारी पण ऐकू येतो.

मग डिसेंबर 2023 ला तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस म्हणाले की पोरांची झोप पुरी होत नाही, शाळेच्या वेळा बदलायचा विचार करा, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये जीआरच आला की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवा. आमच्या घरात त्या दिवशी पेढेच वाटायचे बाकी होते. पहिल्यांदाच सरकारनं माझ्या मनातलं काहीतरी कागदावर आणलं असं वाटलं.

जून उजाडला आणि मग हिशेब कळायला लागला. थोरला सहावीत गेलेला, त्याची शाळा सातचीच. म्हणजे एका घरात दोन सकाळी. एक डबा सहाला, दुसरा आठला. सहाला केलेली पोळी धाकटीच्या डब्याला चालत नाही, ती म्हणते कडक झाली, आणि ती खरंच कडक झालेली असते त्यामुळं वाद घालता येत नाही. रिक्षाकाकांच्या दोन फेऱ्या झाल्या, पैसे वाढले, त्यांना तरी काय बोलणार, पेट्रोल काय पाण्यावर मिळतंय व्हय. पण खरा फटका बसला तो बायकोला. ती बँकेत आहे. पूर्वी सातला दोन्ही पोरं गेली की नऊपर्यंत घर तिचं. पेपर, गॅलरीतली खुर्ची आणि दुसरा चहा. तो दुसरा चहा गेला. तिनं कधी तक्रार केली नाही, फक्त एकदा गॅलरीतली खुर्ची आत आणून तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात केली, तेव्हा मला कळलं.

आणि धाकटीची झोप? पूर्वी साडेनवाला झोपायची, आता साडेदहाला. अकरा पण होतात. "नऊची तर शाळा आहे" हे तिचं पेटंट उत्तर. झोप वाढली म्हणजे थोडी वाढली, पण बरीचशी नुसती पुढं सरकली. रविवारी मात्र हीच बया सहाला टक्क डोळे उघडून, पोटावर बसून विचारते, "बाबा, आज सुट्टी आहे नव्हं?"

आत्तेभावाशी फोनवर हे बोललो, तर तो हसायला लागला. तो कॅलिफोर्नियात असतो. त्यांच्याकडं उलटंच. 2019 ला कायदा झाला आणि 2022 पासून लागू झाला की हायस्कूल साडेआठच्या आत भरवायचं नाही आणि मिडल स्कूल आठच्या आत. कारण काय तर वयात आलेल्या पोरांचं शरीरातलं घड्याळच पुढं सरकतं, त्यांना रात्री लवकर झोप येतच नाही, बारकी आपली कोंबड्याबरोबर उठतात. हे पटण्यासारखं आहे, आमचा थोरला रात्री बाराला पण ताजातवाना असतो आणि सकाळी त्याला उठवणं म्हणजे खड्ड्यातनं ट्रक काढणं. पण तिथं बस मोजक्या, त्याच बसनं एकदा मोठ्यांना आणि एकदा बारक्यांना सोडायचं. मोठे मागं गेले की पहिल्या फेरीला बारके. म्हणजे त्याची पहिलीतली पोरगी आता पावणेआठला वर्गात, आणि दुपारी दोनला घरी, घरात कोणी नाही, म्हणून पाळणाघराचे पैसे वेगळे. "तुमच्यात बारक्यांना झोपवलं, आमच्यात मोठ्यांना," तो म्हणाला, "आईबापाला कुणीच झोपवंना." मी म्हणलं, भावा, तुझ्याकडं तर आत्ता रात्रीचे किती वाजलेत? दीड.

आमच्या पेठेत लहानपणी झोपेचा विषय काढायचीच सोय नव्हती. गल्लीच्या टोकाला तालीम, पहाटे चारलाच शड्डू ऐकू यायचे. शेजारचे एक आजोबा, जुने पैलवान, कान फुटलेले, ते आम्हाला सातला दारात डोळे चोळताना बघायचे आणि म्हणायचे, "अरं, सहाला उठणं म्हंजे काय लवकर उठणं हाय व्हय?" ते स्वतः आठ वाजता झोपायचे आणि दुपारी परत दोन तास, हे मात्र सांगायचे नाहीत.

आमची शाळा तशी अकराची. पण शनिवार सकाळचा. आणि शनिवार म्हणजे कवायत, पांढरा ड्रेस, पांढरे कॅनव्हासचे बूट. शुक्रवारी रात्री आठवायचं की बूट धुतलेच नाहीत, मग नळाखाली घासून चुलीपाशी उभे करायचे, सकाळी बाहेरनं कोरडे आणि आतनं गार गच्च. राखाडी डाग राहिला तर त्यावर खडू. वर्गातनं ढापलेला खडू घरात कायम असायचा, फक्त त्यासाठी. आई पहाटे बंब पेटवायची, शेणी, वर थोडा कोळसा, तो धूर अंथरुणापर्यंत यायचा, आणि सांगली आकाशवाणीवर भक्तिगीतं लागलेली. त्या गाण्यांचे शब्द मला आजपण नीट माहीत नाहीत, कारण ती मी सगळी अर्धवट झोपेतच ऐकलीत, पण कुठं ऐकली की अंगाला खादीच्या टॉवेलचा खरखरीतपणा जाणवतो आणि पाय गार पडतात.

अंधारात जायचो आम्ही हे मात्र नक्की. याचा मी नंतर फार विचार केला, कारण मला असल्या निरुपयोगी गोष्टींचा विचार करायची खोड आहे. आपलं घड्याळ लावलेलं असतं मिर्झापूरकडच्या 82.5 रेखांशावर. कोल्हापूर त्याच्या सव्वाआठ अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपण सूर्याच्या हिशेबानं 33 मिनिटं मागं. घड्याळात सात वाजतात तेव्हा कोल्हापुरात खरे साडेसहा पण झालेले नसतात. जानेवारीत सूर्यच मुळात सात वाजून गेल्यावर उगवतो, आणि पोरगं तोवर प्रार्थनेला उभं. म्हणजे बाकीचं राहू दे, सूर्यनारायण सुद्धा उशिराच येतात आणि त्यांना कोणी वर्गाबाहेर उभं करत नाही. हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, भाजी घेऊन या.

धाकटी आपणहून उठते असे वर्षातनं दोनचार दिवस असतात, पावसाळ्यात. जुलैत धो धो लागला, की पहाटे साडेपाचला ही माझ्या उशाशी. "बाबा, किती फूट झाली?" म्हणजे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. 39 इशारा, 43 धोका, हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ झालंय. माझ्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप उघडून बघायचं, सुट्टी जाहीर झाली का. पंचगंगा पात्राबाहेर पडली की बाईसाहेब खूष. मी रागावतो, अगं लोकांच्या घरात पाणी शिरतं. ती गप्प होते, मग हळूच, "पण 40 झाली का?" आम्ही पण असलेच होतो, फक्त आम्हाला बुट्टी मारायला फोन लागायचा नाही.

आणि हे सगळं कुठल्या गावात, तर ज्या गावात शाहू महाराजांनी 1917 ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया. दंड पोराला नाही, आईबापाला. महाराजांना पक्कं ठाऊक होतं की शाळेचं जे काही व्हायचं ते घरात होतं, अंथरुणात होतं.

धाकटी आता चौथीत आहे. जूनला पाचवी. म्हणजे परत सात दहा. डॉक्टर लोक सहा ते बारा वर्षांच्या पोरांना नऊ ते बारा तास झोप सांगतात, त्यात पाचवीला वेगळी सूट काही दिलेली नाही. नऊ तास धरले आणि पावणेसहाला उठायचं, तर पावणेनवाला दिवे बंद. पावणेनवाला आमच्यात कुकरची दुसरी शिट्टी व्हायची असते, मी शिरोलीहून येऊन नुसता बूट काढत असतो. चौथी आणि पाचवीच्या मधे एक उन्हाळ्याची सुट्टी आहे, तेवढ्यात पोराची दोन तासांची झोप कुठं जाते हे मला कोणीतरी समजावून सांगावं. बायको म्हणते निदान एक डबा वाचेल. तिनं परवा खुर्चीवरचे कपडे उचलले, बघितलं मी. बोललो काही नाही.

हे लिहिता लिहिता सव्वाअकरा झाले. आतनं थोरला ओरडला, "बाबा, उद्या शनिवार, पीटी आहे!" म्हणजे बूट. धुतलेत आत्ता, फ्रीजच्या मागं उभे केलेत, तिथं जरा गरम असतं. घरात खडू नाही.