अंगठा उमटेना

हक्कसोड पत्र, म्हणजे वारसाने आपला हिस्सा सोडल्याचा दस्त, हा वकिलाच्या हाताचा मळ. मजकूर कॉम्प्युटरमध्ये तयार असतो, नावं आणि गट नंबर बदलायचे की झालं. नाशिकच्या कोर्टात मला वीसेक वर्षं झाली, असे दस्त किती केले याचा हिशेब नाही. माझ्या दोन्ही बहिणींची हक्कसोड पत्रंही मीच टाईप केली आहेत. तो विषय घरात निघत नाही.

ही गोष्ट मागच्या उन्हाळ्यातली. अशिलाची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. भांडीबाजारात तांब्या-पितळेचं दुकान, आजोबांपासूनचं. शिवाय दिंडोरी तालुक्यात चार एकर द्राक्षबाग, तीही वडिलार्जित. वडील 2003 मध्ये वारले, आई अलीकडे. वारस नोंद रखडली होती ती आई गेल्यावर लागली आणि सातबाऱ्यावर दोघी बहिणींची नावं चढली. त्यांचा भाऊ, म्हणजे माझा अशील, बागेवर कर्ज काढायला गेला तर बँक बहिणींच्या सह्या मागायला लागली. म्हणून हक्कसोड.

मोठी ताई निफाडकडे दिलेली, धाकटी सिन्नरला. दोघी वेळेवर नोंदणी कार्यालयात आल्या. मी दस्त वाचून दाखवला, म्हणजे जसा दाखवतात तसा. टोकन लागलं. दुय्यम निबंधकांनी नेहमीचं विचारलं: वाचलंय का, समजलंय का, मान्य आहे का? दोघींनी माना हलवल्या. धाकटीचा अंगठा पहिल्या झटक्यात उमटला. मोठीचा काही उमटेना. एकदा, दोनदा, चारदा. उन्हाळ कांद्याची पात विळ्याने कापून कापून अंगठ्यावर रेघच राहिली नव्हती. "हात धुऊन या ताई," ऑपरेटर म्हणाला.

मी तिला नळ दाखवायला गेलो. हात चोळता चोळता, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "वकीलसाहेब, यात दुकानपण हाये का हो?"

होतं. दुसऱ्या पानावर, माझ्याच भाषेत: 'सदर व्यवसाय, त्यातील माल, येणी व नावलौकिक यांसह'. भावाने फोनवर सांगितलं, टाकून द्या, मी टाकलं. वाचताना तो परिच्छेद मी भरभर ओढला असणार. सवय असते.

"मला वाटलं नुसती बाग," ती म्हणाली. "मॅट्रिकपासून लग्न होईस्तोवर भांड्यांवर नावं मीच घालायचे. अर्ध्या पंचवटीच्या रुखवतावर माझं अक्षर सापडंल तुम्हाला."

आता माझा अशील भाऊ. बहिणीला सल्ला देणं माझं काम नव्हे. पण तिने थेट विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर देणं हेही माझं काम नव्हे. "आहे," म्हटलं, "आणि सही करण्याआधी तुम्ही तुमचा वकील करा."

ती परत मशीनकडे गेलीच नाही. बाकावर जाऊन बसली. धाकटीने एवढंच विचारलं, "ताई, पाचची गाडी मिळंल ना मला?"

भाऊ मला बाहेर घेऊन गेला. त्याचे मुद्दे पाठ होते. "ताईचं लग्न 1991 चं. तिला कायद्यानेच हक्क नाही." हे पूर्ण खोटंही नव्हतं. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला, पण 22 जून 1994 च्या आधी लग्न झालेल्यांना वगळून. एकाच घरातली थोरली बाहेर, धाकटी आत! आपल्याकडे लोकांच्या डोक्यात तेच साल अजून बसलंय. वारसा कायद्यातली केंद्राची दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 ला लागू झाली, तिच्यात लग्नाची अट नाही.

"पण वडील तर 2003 लाच गेले." यावर आधी कोर्टांतही मतभेद होते. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने ते मिटवले: मुलीचा हक्क जन्माने येतो, वडील 2005 मध्ये हयात असायलाच हवेत असं नाही. 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत वाटणी किंवा कोर्टाचा हुकूमनामा झाला असता तर गोष्ट वेगळी. इथे तसला एक कागद नव्हता.

शेवटी तो म्हणाला, "बागेचं सोडा. दुकान मी वाढवलंय. ते माझं."

वाढवलं होतं खरं. वडिलांच्या वेळची एका गाळ्याची पेढी त्याने मोठी केली, तेही स्टीलच्या जमान्यात. मला त्याची कीव आली. पण मी विचारलं, "दुकानाचा रिटर्न कोणाच्या नावाने भरता?"

तो गप्प.

एचयूएफच्या. हिंदू अविभक्त कुटुंब, कर्ता तो स्वतः. कर वाचतो म्हणून सीएने वडिलांपासूनची फाईल तशीच चालू ठेवलेली. म्हणजे दरवर्षी सहीनिशी हा माणूस सरकारला सांगत होता की दुकान कुटुंबाचं आहे, आणि त्या दुपारी सांगत होता की एकट्याचं. असे दुकानदार मला ढिगाने भेटतात. फसवायचं मनात असतंच असं नाही. दोन्ही गोष्टी त्यांना एकाच वेळी खऱ्या वाटतात.

"ताईंना न समजता अंगठा घेतला असता," मी म्हटलं, "तर उद्या हाच दस्त कोर्टात तुमच्यावर उलटला असता." तो काही बोलला नाही. दस्त त्या दिवशी झालाच नाही. धाकटीला सीबीएस बस स्टँडवर सोडायला मात्र तोच गेला. मोठी पायी निघाली.

या प्रकरणात माझी फी बुडणार हे मी धरून चाललो होतो. आठ दिवसांनी त्याचा फोन आला.

"साहेब, ताई दुकानात आलीये. 2003 पासूनच्या वह्या मागतेय. देऊ का?"

"द्या."

"दिल्यात," तो जरा थांबून म्हणाला. "गादीवर बसून बघतेय. गिऱ्हाईक आलं तर तिलाच भाव विचारतंय."