शेजारचा बोका अंगावर येतो तेव्हा

तक्रार घेऊन शेजाऱ्यांच्या दारात जाण्याआधी एवढं तपासा: बोका खरंच त्यांचा आहे का? आपल्याकडे सोसायटीतली कितीतरी मांजरं “आमचं नाही हो, जेवायला येतं फक्त” या सदरात मोडतात. बशीत दूध-भात यांचा, वर्चस्व जिन्यावर, आणि जबाबदारी कोणाचीच नाही. घरात झोपणारा बोका असेल तर त्याला रात्री आत ठेवा असं सांगता येतं. नुसता जेवायला येणारा असेल तर आपल्या हातात दोनच गोष्टी उरतात, त्याची नसबंदी आणि त्याच्या जेवणाची जागा-वेळ. हे न बघता भांडायला गेलं तर पहिल्याच वाक्यात “तो आमचा नाहीच” ऐकून परत यावं लागतं.

दुसरी तपासणी मागून करायची. शेपटी वर असताना खाली दोन गोळ्या दिसल्या की तो खच्ची केलेला नाही. तसंही असा बोका लांबून ओळखू येतो: गाल सुजल्यासारखे जाड, मान भरलेली, कानांच्या कडा फाटलेल्या, आणि मुताचा वास इतका उग्र की जिन्यात पाऊल टाकताच कळतं. कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं दिसलं तर नसबंदी झालेली आहे, ते भांडणातलं फाटणं नव्हे. आणि अंगावर येणारं जनावर बोका नसून भाटी असेल, तर आसपास पिल्लं शोधा. पिल्लं दीड-दोन महिन्यांची होईपर्यंत ती जिन्याच्या त्या कोपऱ्यात कोणालाही फिरकू देणार नाही. तेवढे दिवस वाट बदला, पिल्लं सुटी झाली की तिची नसबंदी करा.

खच्ची न केलेल्या बोक्याला “खुनशी” म्हणण्यात अर्थ नाही. तो हद्द राखतो. संक्रांतीनंतर दिवस मोठा व्हायला लागला की माद्या माजावर येतात, आणि बोक्यांची हद्द दोन इमारतींवरून चार इमारतींवर जाते. नसबंदीनंतर दहातल्या आठ-नऊ बोक्यांचं भटकणं, मारामारी आणि भिंतीवर फवारे मारणं बरंच कमी होतं. मात्र ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी साधू झाला, असं होत नाही. महिना-दीड महिना द्यावा लागतो. वयस्क, चार-पाच वर्षं मारामाऱ्या केलेल्या बोक्यात थोडी सवय उरतेच. पाच-सहा महिन्यांच्या वयात केलं तर ती सवय सहसा लागत नाही.

शेजाऱ्यांशी बोलताना हाच मुद्दा धरा. “तुमचा बोका आवरा” याचं उत्तर “मांजर आहे, बांधून ठेवू का?” असंच येतं. त्याऐवजी: “काकू, आमच्या मनीला दुसऱ्यांदा चावा बसलाय. तुमच्या बोक्यालाही लागतच असेल. नसबंदी करून घेऊ या का? अर्धा खर्च मी देते, नेण्या-आणण्याचंही बघते.” नराचं ऑपरेशन छोटं असतं. पोट उघडावं लागत नाही, बहुतेक वेळा टाकेही नसतात, आणि तो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतो. आधी किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टर सांगतात, ते तंतोतंत पाळा. मोठ्या शहरांत पालिका किंवा प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांमार्फत हे फुकट किंवा थोडक्यात होतं. भटक्या बोक्यासाठी पिंजराही त्यांच्याकडूनच मिळतो. हाताने पकडायच्या फंदात पडू नका.

बोलायला जाताना मोबाइलमध्ये दोन-तीन व्हिडिओ, तारीख-वेळेसकट, असू द्या. भांडायला नव्हे, वेळापत्रक कळायला. मांजरं पहाटे आणि दिवेलागणीला सर्वांत जास्त फिरतात, आणि हल्ले बहुतेक याच दोन वेळांना होतात. तेव्हा मागणी मोजकी ठेवा: संध्याकाळी सात ते सकाळी सात बोका घरात, आणि सकाळचं जेवण बाहेर सोडण्याआधी. तुमचं मांजर बाहेर जात असेल तर त्याची पाळी दुपारी. दोघांच्या वेळा वेगळ्या केल्या की मारामारीचं कारणच उरत नाही, कारण मांजरं शक्य असेल तिथे एकमेकांना टाळूनच राहतात. बोक्याचं जेवण जिन्यात किंवा तुमच्या दाराजवळ ठेवलं जात असेल तर ते शेजाऱ्यांच्या आतल्या गॅलरीत हलवायला सांगा. जिथे ताट, तिथे हद्द.

आता वाटा बंद करणं. इथे पैसे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर सांगते. गॅलरीला आपण जी कबुतरांची नायलॉन जाळी लावून घेतो, ती कबुतरांसाठीच असते. बोका ती दातांनी कुरतडतो, नखं अडकवून वर चढतो, आणि ऊन-पावसात दोन-तीन वर्षांत धागे कुजले की एका ओढीत फाटते. जाळी जवळजवळ नेहमी खालच्या कडेला हरते: जाळीवाला हुक एक-सव्वा फुटावर मारतो, मधली जाळी सैल राहते, बोका डोकं घालून ती उचलतो. डोकं गेलं की अंग जातं. तीन इंचांची फट मोठ्या मांजरालाही पुरते, पिल्लाला दोन इंच पुष्कळ. म्हणून खालच्या कडेला हुक सहा-सहा इंचांवर मारून घ्या आणि शेवटच्या ओळीतल्या घरांतून स्टीलची तार ओवून ती ताणून बांधा. नवीन करत असाल तर एक इंची घरांची ३०४ ग्रेडची वेल्डेड स्टील जाळी घ्या. महाग पडते, पण किनारपट्टीच्या दमट हवेत साधी लोखंडी जाळी काही पावसाळ्यांतच गंजते. खिडकीच्या ग्रिलला आगीच्या वेळी उघडायचं दार असेल तर त्यावर जाळी कायमची जोडू नका, वेगळ्या चौकटीत बसवून आतून कडी लावा.

बोका वर येतो कुठून हेही बघा. पावसाच्या पाण्याचा पाइप, एसीचं बाहेरचं युनिट, खालच्या मजल्याचा छज्जा, गॅलरीला टेकलेली आंब्याची फांदी. पाइपला आणि खोडाला जमिनीपासून तीन फुटांवर सुरू होऊन सहा फुटांपर्यंत जाईल असा गुळगुळीत पत्रा गुंडाळून घ्या. मांजर उभ्या जागेवरून पाच फूट सहज उडी मारतं, पण उडी संपते तिथे नखं रुतायला काही मिळत नाही. फांदी मात्र छाटावीच लागते. ती सोसायटीला किंवा पालिकेला विचारून.

दारावर, चपलांच्या कपाटावर, पायपुसण्यावर फवारा मारलेला असेल तर बोका त्या वासावर परत परत येतो, आणि तुमचं मांजरही त्यावर आपला फवारा मारतं. फिनेलने पुसणं हा सगळ्यांत वाईट उपाय. आपल्या नाकाला तो वास स्वच्छ वाटतो, पण मुताचा वास खाली तसाच राहतो. वर फिनेल आणि डेटॉलसारख्या द्रव्यांतले फिनॉल मांजराच्या यकृताला झेपत नाहीत, आणि पंजे चाटताना ते पोटात जातं. ब्लीचही नको, मुतातल्या अमोनियाशी मिळून त्याचा विषारी वायू होतो. आधी जुन्या कापडाने टिपून घ्या. एन्झाइम असलेली कपड्यांची पावडर (पुड्यावर लिहिलेलं असतं) एक भाग आणि कोमट पाणी नऊ भाग, हे त्यावर ओतून पंधरा-वीस मिनिटं राहू द्या, साध्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग सर्जिकल स्पिरिटने पुसा. पायपुसणं सरळ टाकून द्या.

निळीच्या पाण्याच्या बाटल्यांबद्दल: दारोदार दिसतात, आणि त्यांना टेकून झोपलेली मांजरंही दिसतात. संत्र्याची सालं वाळेपर्यंत थोडं काम करतात. डांबराच्या गोळ्या, मिरचीपूड, उंदराचं औषध यांच्या वाटेला जाऊ नका. डांबराच्या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनने मांजर मरू शकतं, मिरची डोळ्यांत जाते, आणि विषाचा घास त्याच बोक्याच्या तोंडात पडेल याची खात्री काय? शिवाय हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली प्राण्याला मारणं, विष घालणं किंवा लुळं करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा वेगळाच. बोक्याला पोत्यात घालून दूर कुठेतरी सोडून येणं हा उद्योगही बिनकामाचा: एक तर तो परत येतो, नाहीतर त्याची रिकामी हद्द दुसरा बोका घेतो, आणि तो आधीच्यापेक्षा बरा असेलच असं नाही. दुसऱ्या बाजूने, धोकादायक जनावर बेपर्वाईने ठेवणाऱ्यालाही त्याच संहितेचं कलम २९१ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे शेजाऱ्यांना पहिल्या भेटीत ऐकवू नका.

समोरासमोर भेट झालीच, तर नजर रोखू नका. अंग तिरकं करा, हळू मागे सरका, त्याला पळायला वाट ठेवा. जिन्याच्या चौकात कोंडला गेलेला बोका आणि रस्त्यावरचा तोच बोका, यांत फार फरक असतो. रोज त्याच जिन्यातून जायचं असेल तर हातात छत्री ठेवा. छत्री पुढे धरून उघडली की आपल्या पायांपुढे भिंत तयार होते, आणि मारायची वेळ येत नाही. दोन मांजरं जुंपली असतील तर मध्ये हात घालायचा नाही, कधीच नाही. मोठा पुठ्ठा, उशी, जाड चादर मध्ये सरकवा, किंवा तांब्याभर पाणी फेका.

भांडणानंतर आपलं मांजर वरून ठीक दिसतं. केस बाजूला करून बोटांनी चाचपा. समोरून लढलेल्याला डोकं, गाल, पुढचे पाय इथे लागतं, पळालेल्याला शेपटीच्या बुडाशी. जखम म्हणजे सुईच्या टोकाएवढं भोक, ते काही तासांत वरून मिटतं आणि जंतू आत कोंडले जातात. दोन ते पाच दिवसांत तिथे गरम, दुखरं गळू येतं, मांजर खाणं सोडतं, ताप १०३ फॅरेनहाइटच्या वर जातो. पहिल्या २४ तासांत डॉक्टरांकडे नेलं तर बऱ्याचदा अँटिबायोटिकवर निभावतं. उशीर झाला तर भूल देऊन चिरावं लागतं. घरी फक्त कोमट मिठाच्या पाण्याने धुवा, अर्धा लिटर उकळून निवलेल्या पाण्यात सपाट चमचाभर मीठ. पॅरासिटामॉल अजिबात नाही: क्रोसिनची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

एक प्रकार असा आहे की त्यात बोका घरात पाऊलही टाकत नाही. तो खिडकीबाहेर कठड्यावर बसून नुसता बघतो. आतलं तुमचं मांजर शेपूट फुगवून घशातून लांब घरघर आवाज काढतं, त्याला बोक्यापर्यंत पोहोचता येत नाही, आणि तेवढ्यात तुम्ही उचलायला जाता. मग ते सगळं तुमच्या मनगटावर निघतं, किंवा घरातल्या दुसऱ्या मांजरावर. एकत्र वाढलेल्या दोन बहिणीही यानंतर एकमेकींना शत्रू समजू लागतात, आणि घरच्यांना वाटतं मांजर बिघडलं. बिघडलेलं नसतं. त्याला हात न लावता, चादर किंवा पुठ्ठा आडवा धरत अंधाऱ्या खोलीत जाऊ द्या, पाणी आणि मातीचा ट्रे ठेवा, दार लावा. शांत व्हायला काही तास लागतात, कधी दोन दिवस. मिठी मारून समजूत काढायला जाऊ नका. दोन मांजरांचं बिनसलं असेल तर त्यांना वेगळं ठेवून बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण द्या, मग दार बोटभर उघडून, असं हळूहळू जवळ आणा. खिडकीच्या खालच्या तीन फुटांना दुधी फिल्म चिकटवा. उजेड येतो, बोका दिसत नाही. बोक्याच्या बैठकीच्या कठड्यावर कुंड्या दाटीने मांडल्या की त्याला तिथे बसताही येत नाही.

माणसाला चावलं किंवा बोचकारलं तर घड्याळ लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, मग पोव्हिडोन आयोडीन. हळद, चुना, तिखट, काही नाही. जखम घट्ट बांधू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजची लस स्नायूत घेतली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, त्वचेत घेतली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) लागतं, ते मागून घ्या. हातावरचा चावा वेगळाच धोका असतो: बारीक दात सांध्यापर्यंत किंवा स्नायूच्या दोरीपर्यंत जातात आणि बारा ते चोवीस तासांत हात लाल होऊन टमटमतो. “मांजरच तर आहे” म्हणून रात्र काढू नका.

चावलेल्या मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं. त्या काळात ते जिवंत आणि धडधाकट राहिलं तर पुढचे डोस कसे घ्यायचे हे डॉक्टर ठरवतात. लस मात्र पहिल्याच दिवशी सुरू करायची, दहा दिवस संपायची वाट पाहत नाही. इथे शेजाऱ्यांचं सहकार्य खरोखर लागतं: बोका दहा दिवस घरात ठेवा, त्याच्या लसीचं कार्ड दाखवा. आधी सांभाळून बोललेलं असेल तर कार्ड लगेच मिळतं. याच दिवसांत बोका लाळ गाळू लागला, आवाज बदलला, जबडा लोंबला किंवा मागचे पाय ओढू लागला, तर त्याला कोणी हात लावायचा नाही. खोलीचं दार लावून पशुवैद्यकाला आणि पालिकेला कळवायचं, आणि घरात ज्या ज्या कोणाला त्याचा दात, नख किंवा लाळ लागली असेल त्या सगळ्यांना त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं.